एका अंगणात वाढलेली

उत्तर तैवानातल्या शेतकरी घरांत शंभर वर्षांपूर्वी सून दोन तऱ्हांनी यायची. पहिली तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. मुलगा वयात आला की मध्यस्थ स्थळ आणायचा, देण्याघेण्याची बोलणी व्हायची, वरपक्ष मुलीच्या घरी रक्कम पोचवायचा, जेवणावळी उठायच्या आणि नवरी पालखीत बसून सासरी यायची. दुसऱ्या तऱ्हेत सून कडेवर बसून यायची. वर्षा-दीड वर्षाची, कधी काही महिन्यांचीच मुलगी दुसऱ्या घरातून आणायची, अंगावर पाजायची, आपल्या मुलाबरोबर लहानाची मोठी करायची आणि दोघं वयात आली की त्यांना नवरा-बायको करायचं. तिथल्या बोलीत अशा मुलीला ‘सिम-पुआ’ म्हणत, म्हणजे धाकुली सून.

यामागे घरादाराचा हिशेब होता. थाटाचं लग्न म्हणजे कर्ज. तान्ही मुलगी मात्र जवळजवळ फुकट मिळायची, कारण तिच्या आईबापांनाही तिच्या पोषणाचा भार नको असायचा. कित्येक घरांत आई आपली पोटची मुलगी दुसऱ्याला देऊन टाकायची आणि त्याच दुधावर मुलासाठी आणलेली सून वाढवायची. दुसरं कारण सासूचं. बाहेरून तरणी सून आली की मुलगा हातचा जाईल, ही धास्ती तिथल्या सासवांनाही होती. हाताखाली वाढलेली सून ऐकते, उलट बोलत नाही, मुलाला आईपासून तोडत नाही. व्यवहार सगळ्या बाजूंनी चोख होता. ज्या दोघांनी संसार करायचा, त्यांनाच तो नकोसा व्हायचा.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आर्थर वुल्फ १९५०च्या दशकाच्या अखेरीस या भागात राहायला गेले, तेव्हा असे संसार केलेली माणसं गावोगाव भेटत होती. त्यांच्या लग्नात वरात-बिरात काही नसायचंच. चांद्र वर्षाच्या शेवटच्या रात्री घरचा कर्ता पुरुष त्या दोघांना सांगून टाकायचा की, आजपासून तुम्ही नवरा-बायको. एका म्हाताऱ्याने वुल्फ यांना त्या रात्रीची हकीकत सांगितली. मुलगा आणि सून पळून जाऊ नयेत म्हणून तो हातात काठी घेऊन त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर उभा राहिला होता.

हे दोघं एकमेकांचे वैरी नव्हते. एकत्र खेळलेले, एकमेकांची आजारपणं पाहिलेले, जगात कुणाला ओळखत नसतील इतकं एकमेकांना ओळखणारे. लग्नाला लागतो म्हणतात तो विश्वास आणि सहवास त्यांच्याकडे भरपूर होता. नव्हती ती फक्त ओढ. आणि काठीच्या धाकानेही ती निर्माण होत नव्हती.

मागच्या प्रकरणात आपण आवडीनिवडींच्या याद्या पाहिल्या. १९८९ मध्ये डेव्हिड बस यांनी ३३ देशांतल्या ३७ समूहांमधल्या दहा हजारांहून अधिक माणसांची उत्तरं प्रसिद्ध केली. पुरुषांनी रूपाला आणि तरुण वयाला तुलनेने अधिक वजन दिलं, स्त्रियांनी कमाईला आणि जिद्दीला; आणि दोघांनीही मायाळूपणा आणि बुद्धी अगदी वर ठेवली. पण असल्या यादीत कोण येणार, हे ठरण्याआधीच एक चाळणी लागून गेलेली असते. काही माणसं मनात ‘स्थळ’ म्हणून कधी उभीच राहत नाहीत. रूप, बुद्धी, स्वभाव सगळं असूनही नाही. उत्क्रांतीच्या अंगाने जोडीदाराच्या निवडीविषयी जे काही लिहिलं गेलं आहे, त्यात मला सगळ्यात भक्कम पुरावा या चाळणीचा वाटतो, म्हणून हे पूर्ण प्रकरण तिला दिलं आहे.

ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली ती एडवर्ड वेस्टरमार्क या फिनलंडच्या अभ्यासकाने. १८९१ मध्ये त्याचा मानवी विवाहाच्या इतिहासावरचा ग्रंथ आला तेव्हा तो तिशीचाही नव्हता. डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेसने त्या ग्रंथाला प्रास्ताविक लिहिलं. वेस्टरमार्कचं म्हणणं साधं होतं. अगदी लहानपणापासून जी माणसं एकत्र वाढतात, त्यांच्यात मोठेपणी शरीराची ओढ निर्माण होत नाही. उलट तसा विचारही नकोसा वाटतो. जवळच्या रक्तातल्या संबंधांची संतती दुबळी निघते, म्हणून हा स्वभाव नैसर्गिक निवडीने घडवला असावा. भावा-बहिणीच्या संबंधांवर समाजाची बंदी आहे ती या नावडीतून उगवली.

त्याच्यावर तुटून पडणारे थोर होते. १९१० मध्ये जेम्स फ्रेझरने विचारलं, जे करायला माणसाचं मन मुळातच धजत नाही त्यावर कायद्याने बंदी घालायची गरज काय? आगीत हात घालू नका, असा कायदा कुठे आहे? १९१३ मध्ये सिग्मंड फ्रॉइडने फ्रेझरचा हा मुद्दा उचलून धरला आणि उलटाच सिद्धांत मांडला. माणसाची पहिली वासना घरातल्यांविषयीच असते आणि संस्कृती ती दाबते, असं तो म्हणाला. पुढची पन्नास वर्षं फ्रॉइडची बाजू वरचढ राहिली. वेस्टरमार्कचं नाव कालबाह्य लेखकांच्या रांगेत जाऊन बसलं.

फ्रेझरच्या प्रश्नाला उत्तर आहे. बहुतेकांना खून करावासा वाटत नाही, तरी खुनाविरुद्ध कायदा असतोच. तो त्या थोड्यांसाठी असतो. पण वाद तर्काने मिटणारा नव्हता. खरी अडचण पुराव्याची होती. सख्ख्या भावा-बहिणीत ओढ नसते, हे दोन्ही बाजूंना मान्य; ती मुळातच नसते की बंदीच्या धाकाने दबते, हे भावा-बहिणींकडे पाहून कळणार नाही, कारण तिथे सहवासही आहे आणि बंदीही. हवी होती ती अशी माणसं, ज्यांच्यात रक्ताचं नातं नाही, लग्नाला बंदी नाही, उलट सगळं घर लग्न व्हावं म्हणून मागे लागलेलं आहे, आणि तरीही जी तान्हेपणापासून एकत्र वाढली आहेत. धाकुल्या सुनेचं लग्न म्हणजे नेमकी हीच परिस्थिती. कुठल्याही प्रयोगशाळेला हे करता आलं नसतं आणि करूही नये.

वुल्फ यांना पुरावा मिळाला तो सरकारी दप्तरात. १८९५ ते १९४५ तैवान जपानच्या ताब्यात होतं, आणि जपानी अंमलदारांनी पोलिसांकरवी प्रत्येक घराची नोंदवही ठेवली होती. कोण कधी जन्मलं, कोणत्या तारखेला कोणत्या घरी दत्तक गेलं, कधी लग्न झालं, मुलं किती आणि कधी झाली, घटस्फोट झाला का, सगळं तारीखवार. लोकांवर नजर ठेवण्यासाठी केलेल्या या नोंदी पुढे अभ्यासाला अमोल ठरल्या. वुल्फ यांनी अनेक वर्षं खपून चौदा हजारांहून अधिक स्त्रियांच्या लग्नांचा माग काढला आणि १९९५ मध्ये सगळं पुस्तकरूपाने मांडलं.

आकडे बोलके आहेत. बाहेरून आलेल्या सुनांच्या तुलनेत धाकुल्या सुनांच्या लग्नांत घटस्फोट जवळजवळ तिप्पट झाले आणि मुलं एक चतुर्थांशाहून अधिक कमी झाली. संततिनियमनाची आधुनिक साधनं नसलेल्या, मुलांची हौस असलेल्या समाजात मुलं कमी होणं म्हणजे नवरा-बायको एकमेकांजवळ फारसे जात नव्हते.

यावर कुणीही शहाणा वाचक विचारेल की, दुसऱ्याच्या घरी टाकलेल्या या मुलींचे हालच झाले असतील. उपास, मारझोड, कमी प्रतीचं अन्न. मग मुलं कमी होणारच. वुल्फ यांनी हा प्रश्न टाळला नाही. काही धाकुल्या सुनांचा ठरलेला नवरा लहानपणीच वारला, काही लग्नं फिसकटली, आणि त्या मुलींची लग्नं बाहेरच्या पुरुषांशी झाली. हाल त्यांचेही तेच झाले होते. पण त्यांना मुलं इतर बायकांइतकीच झाली. म्हणजे दोष मुलींच्या प्रकृतीत नव्हता. आणखी एक गोष्ट दिसली. मुलगी किती वयाची असताना घरात आली, यावर सगळं अवलंबून होतं. तीन वर्षांच्या आत आलेल्या मुलींच्या लग्नांची अवस्था सगळ्यात वाईट. त्यानंतर आलेल्या मुलींत परिणाम ओसरत जातो. मनावर जो ठसा उमटायचा, तो पहिल्या काही वर्षांतच उमटतो.

आपल्याकडच्या बालविवाहांशी याची गल्लत होऊ नये म्हणून हे वय महत्त्वाचं आहे. न्यायमूर्ती रानड्यांशी १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा रमाबाई ११ वर्षांच्या होत्या. १८७४ मध्ये गोपाळरावांशी लग्न झालं तेव्हा आनंदीबाई जोशी ९ वर्षांच्या. बालविवाहाने मुलींवर जे अन्याय केले ते भयंकरच होते, पण ते वेगळे. या मुली माहेरी वाढल्या होत्या. नवरा त्यांच्या बाळपणातला सवंगडी नव्हता, तो परकाच पुरुष होता.

दुसरा मोठा पुरावा इस्रायलमधल्या किबुत्झांचा. या सामुदायिक वसाहतींत मुलं आईबापांच्या घरी झोपत नसत. जन्मल्यानंतर लवकरच ती बालघरात जायची आणि समवयस्कांच्या छोट्या गटात खाणं, झोपणं, आंघोळ, शाळा असं सगळं एकत्र करत वाढायची. या मुलांनी आपसात लग्न करायला कुणाची ना नव्हती. कित्येक आईबापांना तर वसाहतीतलंच स्थळ बरं वाटलं असतं. जोसेफ शेफर यांनी १९७१ मध्ये किबुत्झांतल्या २,७६९ लग्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली सहा वर्षं सलग एकाच गटात वाढलेल्या दोघांचं एकही लग्न त्यात सापडलं नाही.

या पुराव्याला पुढे धक्का बसला, तोही सांगायला हवा. २००९ मध्ये एरान शोर आणि दालित सिमखाई यांनी किबुत्झांत वाढलेल्या साठ जणांच्या सविस्तर मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या अनेकांनी गटातल्या कुणाविषयी तरी ओढ वाटल्याचं सांगितलं. किळस वगैरे फारशी कुणाला आठवत नव्हती. म्हणजे लग्नं झाली नाहीत यामागे गटाचा अलिखित दबावही असू शकतो. मला हा आक्षेप गंभीर वाटतो, आणि म्हणूनच मी किबुत्झांपेक्षा तैवानच्या नोंदींवर जास्त भिस्त ठेवतो. तिथे दबाव लग्नाच्या बाजूने होता. दबाव एका दिशेला आणि माणसं दुसऱ्या दिशेला, असं जिथे दिसतं तिथे मनाचा कल स्वच्छ दिसतो.

उत्क्रांतीच्या मानसशास्त्रात गोड गोष्टी रचणं फार सोपं असतं, म्हणून ही पारख लागते. याच क्षेत्रातला गाजलेला प्रयोग घ्या. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात क्लाउस वेडेकिंड यांनी ४४ पुरुषांना दोन रात्री एकच टी-शर्ट घालायला लावला आणि ४९ स्त्रियांना ते शर्ट हुंगायला दिले. रोगप्रतिकाराशी निगडित जनुकं आपल्यापेक्षा वेगळी असलेल्या पुरुषांचा वास स्त्रियांना अधिक बरा वाटला, असा निष्कर्ष निघाला. वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला. पुढच्या अभ्यासांत मात्र तो कधी दिसला, कधी दिसला नाही. वास आवडणं आणि जन्म काढणं यांत फार अंतर आहे. तैवानच्या नोंदींत माणसांनी काढलेले जन्म आहेत.

मग मन हे करतं कसं? प्रत्येकाच्या जनुकांत काही सदोष प्रती दडलेल्या असतात. जोडीला निरोगी प्रत असेपर्यंत त्या त्रास देत नाहीत. सख्ख्या भावंडांची निम्मी जनुकं सारखी असतात, त्यामुळे त्यांच्या संततीत दोन्ही प्रती सदोष येण्याचा धोका फार वाढतो. पण समोरच्याची जनुकं मनाला वाचता येत नाहीत. त्याला काहीतरी खूण लागते. माणसाच्या इतिहासाचा बहुतेक काळ छोट्या भटक्या टोळ्यांत गेला. तिथे एका आईच्या कुशीत बरोबरीने वाढलेलं मूल म्हणजे बहुधा भावंडच. ‘जे माझ्याबरोबर रांगलं ते माझं भावंड’ हा ठोकताळा लाखो वेळा बरोबर ठरला असेल. तैवानातल्या सासूने परकी मुलगी त्याच कुशीत आणून ठेवली आणि मन फसलं.

२००७ मध्ये डेब्रा लिबरमन, जॉन टूबी आणि लेडा कॉस्मिडिस यांनी ‘नेचर’मध्ये या खुणांचा छडा लावणारा अभ्यास मांडला. थोरल्या भावंडाने आईला तान्ह्या बाळाला सांभाळताना, पाजताना पाहिलं असेल, तर ती एकच खूण त्याला पुरते. धाकट्याला ते दृश्य दिसण्याचा प्रश्नच नसतो. त्याचं मन एका छताखाली किती वर्षं काढली ते मोजतं. आणि त्याच खुणांवरून दोन गोष्टी ठरतात: या माणसासाठी मी किती झिजेन, आणि याच्याशी शरीरसंबंधाचा विचार मला किती नकोसा होईल. बहिणीसाठी जीव टाकणारी माया आणि तिच्याविषयी न वाटणारी ओढ, दोन्ही एकाच मुळातून येतात. मला हा या सगळ्या अभ्यासातला सर्वांत सुंदर निष्कर्ष वाटतो.

ही खूण हुकली तर काय होतं, हे डार्विनच्याच घरात पाहता येतं. १८३९ च्या जानेवारीत त्याने एमा वेजवुडशी लग्न केलं. ती त्याची मामेबहीण. ओळख लहानपणापासूनची, पण डार्विन वाढला श्रूजबरीला आणि एमा मेअरला. भेटीगाठी व्हायच्या त्या पाहुणे म्हणून. दोघांचा संसार प्रेमाचा झाला. दहा मुलं झाली, त्यांतली तीन लहानपणीच गेली. जवळच्या नात्यातल्या लग्नाने आपण मुलांना काही दुखणं दिलं की काय, हा घोर त्याला आयुष्यभर होता. वनस्पतींमधल्या स्वपरागणावर त्याने वर्षानुवर्षं प्रयोग केले, आणि १८७१ च्या ब्रिटिश जनगणनेत चुलत-मामेभावंडांच्या लग्नांविषयी प्रश्न घालावा म्हणून खटपटही केली. संसदेने ती मानली नाही.

मामेबहीण म्हटल्यावर मराठी वाचकाचे कान टवकारणार. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या १९५३ च्या ग्रंथात दाखवलं की, उत्तरेची आणि दक्षिणेची विवाहरीत महाराष्ट्रात एकमेकींना भेटतात. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न चालत नाही, दक्षिणेत ते पसंत केलं जातं. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, किंबहुना तिच्यावर पहिला हक्क सांगितला जातो, पण चुलत बहीण मुळीच चालत नाही. जनुकांच्या हिशेबाने दोघी सारख्याच जवळच्या: दोघींशीही एक अष्टमांश वाटा सामाईक. फरक आहे तो अंगणाचा. चुलत भावंडं एका वाड्यात, एका चुलीवर, एका आजीच्या देखरेखीखाली वाढत. मामेबहीण दुसऱ्या गावात वाढायची. भेट व्हायची ती दिवाळीत, उन्हाळ्यात, लग्नकार्यात. कुळाचे आणि देवकाचे नियम यामागे आहेतच, त्यांना वेगळी कारणं आहेत आणि वेस्टरमार्कच्या सिद्धांताने ती पुसली जात नाहीत. तरी माझं मत असं की, आपली रीत टिकली याचं एक कारण ती जिथे नावड तयार होते त्या घराबाहेर पडली, हे असावं.

अरब समाजात याच्या उलट आहे. तिथे चुलत बहिणीशी लग्न मानाचं. जस्टिन मकेब यांनी लेबनॉनमधल्या एका गावाचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. एकमेकांच्या घरांत सतत वावर ठेवून वाढलेल्या चुलत भावंडांच्या लग्नांत मुलं कमी आणि घटस्फोट जास्त होते. तैवानचीच कहाणी.

यातून फार दूरचाच जोडीदार मनाला हवा असतो, असा अर्थ काढू नये. पॅट्रिक बेटसन यांनी १९८२ मध्ये जपानी लाव्यांवर प्रयोग केला. ज्या भावंडांबरोबर पिल्लं वाढली त्यांच्यापासून ती मोठेपणी दूर राहिली, पण पूर्ण परक्यांपेक्षाही पूर्वी न पाहिलेल्या चुलत भावंडांजवळ ती जास्त रेंगाळली. किंचित वेगळं, पण ओळखीच्या धाटणीचं. माणसांतही शिक्षण, उंची, भाषा, विचार अशा बाबतींत जोड्या एकमेकांसारख्या असतात. त्यातलं किती मनाच्या कलामुळे आणि किती केवळ आपला वावर आपल्यासारख्यांतच असल्यामुळे, हे वेगळं काढणं कठीण आहे. जातीतच स्थळं पाहणाऱ्या समाजात तर ते आणखी कठीण.

तैवानातली रीत कायद्याच्या बडग्याने मोडली नाही. विसाव्या शतकात कारखाने आले, शहरात मजुरी मिळू लागली, तरण्या मुलाला बापाच्या जमिनीवाचून जगता येऊ लागलं, आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री ‘आजपासून तुम्ही नवरा-बायको’ ऐकल्यावर तो ‘नाही’ म्हणू लागला. मुलीही म्हणू लागल्या. दोन-तीन दशकांत असली लग्नं विरळ झाली.

आपल्यासाठी यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. मन सहवास मोजतं, रक्त मोजत नाही. वेगळ्या गावात वाढलेल्या मामेबहिणीविषयी ते कुठलाच इशारा देणार नाही, कारण इशारा देणारी खूणच तिथे नसते. धोका मात्र असतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात ११ हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. जन्मजात दोषांचं प्रमाण एरवी सुमारे तीन टक्के होतं. आईबाप सख्खी चुलत-मामेभावंडं असली तर ते सहा टक्क्यांच्या घरात गेलं. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव बाळं या दोषांपासून मुक्तच असतात, आणि उरलेल्या सहांच्या घरी काय होतं ते त्या घरांनाच ठाऊक. तुमच्या घरात नात्यातली सोयरीक ठरत असेल, तर पत्रिका पाहण्याआधी दोन्हीकडच्या तीन पिढ्यांतल्या आजारांची आणि लहानपणी दगावलेल्या मुलांची माहिती लिहून काढा, थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी दोघांच्या रक्ताची तपासणी करून घ्या, आणि तो कागद घेऊन जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांकडे जा. लग्नाची तारीख त्यानंतर काढा.